खाडीपलीकडचं आडनाव

माझ्या नवऱ्याचं नुसत्या नावावर भागत नाही. समोर गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस असो, बँकेतली नवी मुलगी असो की दाढ काढणारा डॉक्टर असो, याचा पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा गावाचा. आणि तिसरा प्रश्न विचारताना तो खुर्चीत जरा पुढे सरकतो. ‘हे झालं आत्ताचं. मूळ आडनाव काय तुमचं?’ ठाकुर्लीला आमच्या इमारतीत लोकांना तो आवडतो, पण कुणी घाईत असेल तर त्याला लिफ्टपाशी उभा बघून जिन्याने जातं.

समोरासमोर मी त्याला ‘अहो’ म्हणते. लिहिताना ‘तो’ लिहिणार आहे. तीस वर्षांच्या संसारानंतर एवढी मोकळीक मला असावी.

त्याचं म्हणणं असं की आडनाव म्हणजे कुणीतरी दुसऱ्याने आपल्याला मारलेली हाक असते. आपण होऊन कुणी ठेवत नाही. कुणाला ते कामावरून मिळालं, कुणाला गावावरून आणि कुणाला एखाद्या खोडीवरून. चावडीवर कुणीतरी एकदा चेष्टा केली आणि ती पुढच्या सगळ्या पिढ्यांना चिकटली. मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे मला हे पटतं. हजेरी घेताना भाज्यांची, जनावरांची, दुखण्यांची, सगळी आडनावं येतात, आणि नव्या वर्षाचे पहिले चार दिवस वर्ग फिदीफिदी हसतो. एकदा एक पोरगा आडनावापायी रडायला लागला, तेव्हा मी नवऱ्याकडून शिकलेलं सगळं त्याला सांगितलं. तो शांत झाला. घरी येऊन मी हे सांगितलं, तर नवरा दोन दिवस हवेत होता.

आमचं आडनाव इथे लिहीत नाही. ते एका गावाचं नाव आहे आणि त्याला ‘कर’ लावलेलं आहे, एवढं पुरे. कोकणात खाडीकाठी ते गाव आहे. पण नवऱ्याच्या मते आम्ही मुळात त्या गावचे नव्हेच. आमचं मूळ खाडीच्या दुसऱ्या काठावरच्या गावात. तिथे त्याच्या पूर्वजांकडे बंदरात लागणाऱ्या गलबतांची राखण होती आणि त्या कामावरूनच त्यांचं आडनाव पडलेलं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघाली की तिला पहिला खांदा द्यायचा मानही त्यांचाच. पुढे त्या घरात दोन भाऊ झाले. एका शिमग्याला मोठा आजारी पडला म्हणून धाकट्याने खांदा दिला. पुढच्या वर्षी मोठा म्हणाला, मान माझा. धाकटा म्हणाला, एकदा दिलेला मान परत घेतात होय? देवळाच्या आवारातच जुंपली. धाकटा बायकापोरांना होडीत घालून पलीकडच्या गावी गेला, जुनं आडनाव टाकलं आणि नव्या गावाचं लावलं. तो धाकटा म्हणजे आम्ही.

ही गोष्ट मी बारशांत ऐकली, मयतीला ऐकली, रिक्षाच्या रांगेत ऐकली. त्यात मोठा भाऊ नेहमी दगाबाज असायचा आणि धाकटा बिचारा. आमची एकुलती मुलगी लहान होती तेव्हा ती होडीपाशी टाळ्या वाजवायची. मूळ आडनाव मात्र तो अगदी शेवटी सांगायचा, आवाज खाली आणून, जणू घरातली दागिन्यांची डबी उघडून दाखवतोय. ऐकणाऱ्याला त्याचं काय, पण हा खूश.

मुलीने लग्नाचं काढलं तेव्हा आम्हाला फारसा धक्का बसला नाही. मुलगा तिच्या ठाण्याच्या कॉलेजातला. आमच्याकडे दोनदा जेवून गेलेला, ताट स्वतः उचलून ठेवणारा. त्याचं घर वर्तकनगरला. घरात आईवडील आणि आजोबा. जात तीच निघाली, म्हणून आमच्या नातेवाइकांनी नाकं मुरडली नाहीत. वेगळी निघाली असती तर काय झालं असतं ते मला माहीत आहे, उगाच मोठेपणा कशाला सांगू. मुलाचं आडनाव एका पक्ष्याचं. नवऱ्याने लगेच अंदाज बांधला, कुणीतरी पूर्वज बारीक पायांचा असणार. गाव कोकणातलंच, पण मुलगा जन्मला ठाण्यात आणि त्याला तालुक्याचं नाव सोडून काही सांगता येईना. ‘बोलणी करायला जाऊ तेव्हा त्याच्या आजोबांना विचारतो,’ नवरा म्हणाला.

तर बोलणी करायला आम्ही वर्तकनगरला गेलो. आम्ही दोघं, मुलगी आणि कल्याणहून माझा धाकटा भाऊ. स्वागत झालं, शिरा झाला, लग्न कधी करायचं, हॉल कल्याणला की ठाण्याला, सगळं गोडीत चाललेलं. आजोबा कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसलेले होते. मला वाटलं, डुलकी लागली. मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, ‘तुमचं मूळ त्याच गावचं का हो, आडनावात आहे तेच?’ झालं. नवरा खुर्चीत पुढे सरकला.

तो होडीपर्यंत आला आणि आजोबांनी डोळे उघडले. म्हणाले, ‘पुढचं मी सांगतो.’

आणि त्यांनी सांगितलं. होडीत बायकापोरांबरोबर आणखी एक गोष्ट होती, पालखीवर धरायची चांदीची छत्री. धाकट्याने जाताना ती पळवली. मोठा भाऊ धावत काठावर आला आणि ओरडत राहिला, पण होडी लांब गेलेली. पुढे त्याच मोठ्या भावाच्या नातवाला गावाने पक्ष्याचं नाव पाडलं, त्याच्या चालीवरून, आणि तेच आडनाव झालं. ‘पण मूळ आमचं काय ते ऐका,’ असं म्हणून आजोबांनी ते आडनाव उच्चारलं. नवऱ्याने त्या घरात ते अजून सांगितलेलंच नव्हतं.

मी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. आनंद आधी आला, अर्थ नंतर. तो उठून उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, ‘म्हणजे आपण भाऊबंद!’ आजोबाही उठले. त्यांनी त्याला मिठी मारली. म्हातारा रडत होता. ‘सापडलात रे,’ असं म्हणत होता. मुलाच्या आईने हातातला सरबताचा ट्रे तसाच आत नेला, तेव्हा कुठे माझा नवरा खाली बसला.

कुणाला यात काय बिघडलं ते कळलं नाही तर सांगते. एका कुळातली मुलं ही भावंडं धरतात. मग कूळ फुटून किती पिढ्या गेल्या, कोण कुठल्या काठाला राहिलं, याला काही किंमत नसते. मूळ पुरुष एक, म्हणून माझी मुलगी आणि तो मुलगा बहीण-भाऊ. दोघं सोफ्यावर शेजारी शेजारी बसलेली होती आणि ती एकदम थोडी लांब सरकली. मुद्दाम नाही, तशीच.

मुलाच्या वडिलांनी प्रयत्न केला. ते आजोबांना म्हणाले, ‘बाबा, पण आपल्याला यांचं सुतक कुठे लागतं? यांच्याकडे कोण गेलं ते आपल्याला कळतसुद्धा नाही. नातं कधीच तुटलंय.’ सुतक म्हणजे भावकीत कुणी गेलं की पाळायचे दिवस, आणि भावकी कुठे संपते ते आमच्याकडे त्यावरूनच ठरतं. मला वाटलं, मार्ग निघाला. पण आजोबांनी मान हलवली. म्हणाले, ‘सुतक माणसांनी तोडलं. कूळ कोण तोडणार?’ ते चिडून म्हणाले असते तर मी भांडले असते. ते अगदी मायेने म्हणाले.

पुढचे आठवडे वाईट गेले. गावाहून माझ्या मोठ्या दिरांचा फोन यायचा, रोज. ‘भावाबहिणीचं लग्न लावणार काय तुम्ही?’ एका संध्याकाळी फोन मी घेतला. आता हे माझे दीर, यांची बायको म्हणजे माझी जाऊबाई, ही यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. एकाच आज्जीच्या मांडीवर दोघं खेळलेली. मी म्हटलं, ‘दादा, तुमचं कसं चाललं?’ ते म्हणाले, ‘ते वेगळं. मामाचं कूळ वेगळं, आडनाव वेगळं.’ मी फोन ठेवला आणि ओट्यावरची पातेली उगाच परत घासली. राग कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं. बाईच्या बाजूचं रक्त मोजायचंच नाही असं ठरवलं की हिशोब किती सोपा होतो. आई, आजी, पणजी, या सगळ्या कुठून आल्या, त्यांच्या मागे कोण होतं, कुणी लक्षात ठेवलेलं नाही. होडीत बसलेल्या त्या धाकट्याच्या बायकोचं माहेरचं आडनाव काय होतं, हे माझ्या नवऱ्याला आजतागायत ठाऊक नाही. मी विचारलेलं. तो म्हणाला, ‘अगं, ते कोण सांगणार?’

मुलीचं म्हणणं साधं होतं. ‘ठाण्याला जाऊ, रजिस्टर करू, विषय संपला. मी त्या छत्रीसाठी माझं आयुष्य नाही थांबवणार.’ मुलगाही तयार होता, पण तयार म्हणताना त्याचा आवाज पडायचा. आजोबा रागावलेले नव्हते, शापबीप देत नव्हते. ते फक्त म्हणाले होते, ‘करा तुम्ही, मी येणार नाही. मला बघवणार नाही.’ आईवडील नोकरीला जायचे तेव्हा या मुलाला त्यांनी वाढवलेलं, शाळेत सोडलेलं, आणलेलं. तो म्हणाला, ‘मला थोडा वेळ दे.’ माझी मुलगी म्हणाली, ‘कशाला वेळ? कायपण काय, तुझे आजोबा बदलणारेत का?’ मग ती दोघं बोलेनाशी झाली. ती ऑफिसातून आली की दार लावून बसायची. जेवायला बोलावलं की यायची, जेवायची, ताट ठेवायची. लग्न मोडतंय हे आम्ही तिघं जण एका टेबलाशी बसून बघत होतो.

नवऱ्याने लोकांना आडनावं विचारणं सोडलं. एकदा नुसता म्हणाला, ‘मी नसतो बोललो तर कळलंच नसतं कुणाला.’ मी म्हटलं, ‘अहो, तुम्ही खोटं तर काही बोलला नाहीत.’ तो म्हणाला, ‘तेच तर.’

मग एका रविवारी तो कुणाला न सांगता वर्तकनगरला गेला. दिवसभर तिथे होता. आजोबांबरोबर जेवला, त्यांच्याबरोबर गावाला फोन लावून मानकऱ्यांशी, म्हणजे देवळाचे मान असलेल्या घरांतल्या म्हाताऱ्यांशी बोलला. संध्याकाळी आला तेव्हा मी भाजी निवडत होते. तो माझ्यासमोर बसला, दोन शेंगा उचलून सोलल्या आणि म्हणाला, ‘मार्ग आहे. मुलगी मामाला द्यायची.’

म्हणजे असं, की लग्नाच्या सकाळी विधी करून आम्ही मुलगी माझ्या भावाला दत्तक द्यायची. मग ती आमच्या कुळाची राहत नाही, मामाच्या कुळाची होते. कन्यादान मामाने करायचं, पत्रिका मामाच्या नावाची. कायद्याने काही बदलत नाही, कागदोपत्री बाप तोच. फक्त देवासमोर बदलतं. आजोबा याला खुशीने तयार होते, लग्नात पुढे बसायला तयार होते.

खोटं कशाला बोलू, मला पहिल्यांदा बरं वाटलं. मुलीचं लग्न होणार म्हणून तर वाटलंच, पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं. माझं लग्न झालं तेव्हा ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. आडनाव तर गेलंच होतं, नावही गेलं. तेव्हा कुणी विचारलं नाही की हिला काय वाटतं. सगळे टाळ्या वाजवत होते, मीही हसत होते. वडील गेल्यापासून माहेरचं आडनाव माझ्या तोंडी फक्त भावाची ओळख करून देताना येतं. ते आडनाव माझ्या मुलीला लागणार, एका सकाळपुरतं का होईना. मी शेंगा निवडत ते मनात दोनदा म्हणून बघितलं, तिचं नाव आणि माझं आडनाव. चांगलं वाटत होतं.

नंतर मी नवऱ्याकडे बघितलं. तो सोललेले दाणे वाटीत न टाकता तसेच मुठीत धरून बसला होता. म्हटलं, ‘तुम्हाला चालणार आहे?’ तो म्हणाला, ‘एका सकाळचा प्रश्न आहे. मुलगी जाते कुठे?’

मुलगी भडकली. ‘मी काय पार्सल आहे का? आधी मामाकडे, मग त्यांच्याकडे? मला नाही जायचं दत्तकबित्तक.’ नवऱ्याने तिला समोर बसवलं. ती म्हणाली, ‘बाबा, तू खरंच मानतोस हे? खरं सांग.’ तो म्हणाला, ‘मानतो की नाही ते मलाही माहीत नाही गं. पण तुमच्या संसारात उद्या साधा तापसुद्धा आला ना, तर मला ती होडी आठवणार. मला तसं जगायचं नाही. आणि त्या म्हाताऱ्याने आनंदाने यायला हवं तुझ्या लग्नाला.’ ती रडली. मग म्हणाली, ‘ठीक आहे. तुझ्यासाठी करते.’ मी तिथेच होते. तिने बापासाठी म्हणून बापाला सोडायचं कबूल केलं, आणि त्याने तिच्यासाठी म्हणून ते मागितलं. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही कीव आली.

पत्रिका आल्या. माझ्या भावाचं नाव, वहिनीचं नाव, खाली ‘आमची कन्या’. आमची दोघांची नावं निमंत्रकांत, आत्या आणि आतोबांच्या ओळीत. कारण भावाची मुलगी म्हटल्यावर मी तिची आत्याच झाले. मी यावर हसले, लोकांनाही हसवलं. आमच्या मजल्यावरच्या बाईंनी पत्रिका वाचली आणि आवाज एकदम मऊ करून मला विचारलं, ‘तुम्ही कधी बोलला नाहीत हो, दत्तक आहे का ती?’ मी समजावून सांगितलं. त्यांनी ‘अच्छा अच्छा’ केलं, पण त्यांना ते पटलं नाही हे मला दिसलं. चार दिवसांत इमारतीतल्या बायका माझ्या मुलीकडे निरखून बघायला लागल्या, नाक कुणासारखं, डोळे कुणासारखे. तिचं नाक तर सरळसरळ बापाचं आहे.

लग्न कल्याणला झालं. सकाळी गुरुजींनी आम्हा दोघांना पाटावर बसवलं, समोर भाऊ आणि वहिनी. मध्ये मुलगी. गुरुजींनी सांगितलं की माझ्या हातावर नवऱ्याचा हात, त्यावर पळीने पाणी, ते पाणी मामाच्या ओंजळीत सोडायचं आणि म्हणायचं, ही कन्या मी तुम्हाला दिली, आता हिच्यावर माझं काही नाही. नवऱ्याने ‘दिली’पर्यंत म्हटलं. गुरुजींनी पुढचं परत म्हणून दाखवलं. नवरा पुन्हा ‘दिली’पाशी थांबला. भाऊ हळूच म्हणाला, ‘भावोजी, राहू द्या ना, तेवढं पुरे.’ गुरुजी म्हणाले, ‘पूर्ण म्हणावं लागतं.’ तेव्हा त्याने म्हटलं, भराभरा, मुलीकडे न बघता. पाणी पडलं. मुलीला हाताला धरून वहिनीने स्वतःच्या शेजारी घेतलं. माझा हात अजून ओला होता आणि शेजारचा पाट रिकामा झालेला. तो उठून गेला होता.

त्यानंतर त्याला काही कामच नव्हतं. मुलीच्या बापाला लग्नात श्वास घ्यायला वेळ नसतो, याला होता. तो आचाऱ्याकडे गेला, पार्किंगला गेला, ज्या पंख्याला कुणी हात लावलेला नव्हता तो बंद करून पुन्हा चालू केला. कन्यादानाला भाऊ बसला. मुलाचे पाय धुताना तो सारखी मान वळवून मागे बघत होता, भावोजी कुठे आहेत म्हणून. त्याला दोन मुलगे. कन्यादान त्याच्या नशिबात नव्हतं आणि ते असं आलं. त्यालाही त्यात सुख कुठे मिळालं असेल! मंगलाष्टकांच्या वेळी मी नवऱ्याला शोधलं. तो शेवटच्या रांगेत खांबापाशी उभा होता, मुठीत अक्षता होत्या. इतक्या लांबून त्या पोहोचत नाहीत, पण प्रत्येक ‘सावधान’ला तो हात उचलत होता.

मग आजोबा त्याच्यापाशी गेले. त्यांच्या हातात फेटा होता, मुलाकडच्या सगळ्या भाऊबंदांनी बांधलेला, त्याच रंगाचा. त्या माणसाच्या मनात पाप नव्हतं, हे मला शपथेवर सांगता येईल. पिढ्यान्‌पिढ्या खाडीपलीकडे गेलेला भाऊ त्यांना परत मिळाला होता आणि त्यांना तो चारचौघांत मिरवायचा होता. त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या नवऱ्याच्या डोक्याला फेटा बांधला, वेळ लावून. म्हणाले, ‘आता लाजू नकोस. मुलगी दिलीस, आता तू आमचा. चल, भावकीचा फोटो आहे.’ आणि त्याला दंडाला धरून स्टेजवर नेलं.

स्टेजवर मुलाकडची माणसं ओळीने उभी राहिली. नवी सून सगळ्यांच्या पाया पडत होती आणि आजोबा एकेकाची ओळख करून देत होते. हे तुझे मोठे काका, हे धाकटे, हे गावचे. माझी मुलगी वाकत होती, उठत होती. ती बापासमोर आली. आजोबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘आणि हे तुझे चुलत सासरे.’

हॉल हसला. छान गंमत झाली म्हणून हसला. माझा नवराही हसला, त्याला हसावंच लागलं. मुलगी हसली नाही. ती खाली वाकली आणि बराच वेळ उठलीच नाही. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवायला नेला आणि मध्येच थांबला, आजोबांकडे बघितलं, हात ठेवला तर चालेल का, असं. आजोबांनी आनंदाने मान हलवली. तेव्हा त्याने ठेवला.

फोटो झाला. फोटोग्राफर ओरडला, ‘आता फक्त मुलीकडचे! बाकीचे खाली!’ मी, भाऊ, वहिनी आणि माहेरची सगळी मंडळी वर चढायला लागलो. फेटेवाले उतरत होते आणि त्यांच्याबरोबर तोही उतरत होता. पायऱ्यांवर आम्ही समोरासमोर आलो. मी त्याची बाही धरली. म्हटलं, ‘अहो, कुठे निघालात? आपला फोटो आहे. चला वर.’

त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली. ‘नको गं,’ तो म्हणाला. ‘कुणी विचारलं, हे कोण, तर काय सांगशील?’

मागून माणसं चढत होती. तो बाजूला झाला आणि त्याने मला वाट दिली.